रशियन आयकॉन : फळी, खडू, बलक, तेल आणि तो काळपटपणा

कुंचलेकर

कलादालनातल्या एका धाग्यावर "रशियन आयकॉन म्हणजे तपकिरी, धुरकट, उदास चित्रं" असा शेरा वाचला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. (आयकॉन म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेलं ख्रिस्ताचं, देवमातेचं किंवा संतांचं पूजेचं चित्र.)

हा शेरा नवा नाही. एकोणिसाव्या शतकात खुद्द रशियातल्या शिकलेल्या लोकांचंही हेच मत होतं. प्रत्यक्षात पंधराव्या शतकातला आयकॉन चित्रकाराच्या हातून सुटला तेव्हा त्यात हिंगुळाचा लालभडक रंग होता, निळा निळाच होता आणि पांढरा पांढराच. तपकिरी दिसतं ते वरचं तेल, त्यावरची मेणबत्त्यांची काजळी आणि त्यावर नंतरच्या लोकांनी पुन्हा रंगवलेलं चित्र. म्हणून आयकॉनबद्दल बोलायचं तर विषय, संत, प्रतीकं यांच्या आधी तो बनतो कसा हे बघावं लागतं. रशियन इतिहासातल्या बऱ्याच भानगडींच्या खुणा त्या थरांमध्येच आहेत.

खालून वर थर असे :

लाकडी फळी. तिच्यावर सरसाने चिकटवलेलं लिननचं कापड, याला पावोलोका म्हणतात. त्यावर खडू आणि सरसाचं अस्तर, म्हणजे लेवकास. त्यावर सुईने कोरलेली रेखा. मग सोनं. मग अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. सगळ्यात वर शिजवलेलं जवसाचं तेल, ओलिफा.

जुन्या फळीत आणखी एक गोष्ट दिसते. मधला भाग काही मिलिमीटर खोल तासलेला असतो आणि चारी बाजूंना उंच कड राहते. मधल्या खोलगट भागाला कोवचेग, कडांना पोल्या आणि दोहोंमधल्या उताराला लुझगा म्हणतात. चौकट वेगळी ठोकत नाहीत, ती फळीतच असते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोवचेग कोरायची पद्धत मागे पडली आणि सपाट फळ्या आल्या, पण जुन्या पंथाचे (सतराव्या शतकातल्या चर्चच्या सुधारणा न मानणारे) लोक पुढेही कोरत राहिले.

लेवकास आणि रंगांवर ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी भर घालावी.

वाचकमात्र

वाचनखूण साठवली. एक शंका : लाकडावर थेट रंगवलं तर काय बिघडतं? एवढा खटाटोप कशासाठी?

सुतारपक्षी

वाचकमात्र, लाकूड हलतं म्हणून. ओल धरली की फळी आडवी फुगते, हवा कोरडी झाली की आक्रसते. उभ्या दिशेला, म्हणजे रेषांच्या लांबीत, फरक नगण्य. बलकाचा रंग सुकल्यावर कडक होतो, त्याला ही ओढाताण झेपत नाही. खडू-सरसाचं अस्तर आणि कापड मध्ये असलं की ओढाताण वाटली जाते.

लाकूड कोणतं? पहिली पसंती लिंडनला. मऊ, एकसारखं, राळ नाही. लिंडन जिथे मिळत नाही तिथे, म्हणजे उत्तरेत, पाइन आणि स्प्रूस. पाइनच्या गाठी कोरून काढून तिथे कोरड्या लाकडाचं ठिगळ बसवतात. गाठ तशीच राहिली तर काही वर्षांनी तिथली राळ लेवकासमधून वर झिरपते आणि नेमका संताच्या गालावर पिवळा डाग उमटतो.

फळी खोडाच्या मध्यातून त्रिज्येच्या दिशेने काढलेली सर्वांत शांत. गाभा काढून टाकायचा. मोठा आयकॉन असेल तर दोन-तीन फळ्या सरसाने जोडायच्या आणि मागून आडव्या पट्ट्या सरकवायच्या. या पट्ट्या म्हणजे श्पोंका, शक्यतो ओकसारख्या कठीण लाकडाच्या. त्यांच्यासाठी मागे खाच करतात ती तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद, शिवाय एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निमुळती होत गेलेली. पट्टी पाचरीसारखी ठोकत न्यायची.

श्पोंकाला सरस लावायचा नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण हौशी मंडळी हमखास इथेच फसतात. पट्टीचं काम फळीला वाकू न देणं एवढंच, तिची आडवी हालचाल थांबवणं नाही. सरस लावला की फळी आक्रसायला जाते, पट्टी सोडत नाही आणि फळी मधोमध उभी फुटते, वरच्या चित्रासकट. सुटी पट्टी मात्र शंभर वर्षांनी थोडी बाहेर सरकलेली दिसते. तिला दोष समजू नये, फळी मोकळी असल्याचं ते लक्षण आहे.

एवढं करूनही जुना आयकॉन बहुधा पुढून फुगीर असतोच. पुढची बाजू अस्तराने आणि तेलाने बंद, मागची उघडी. ओलीची देवघेव एकाच बाजूने शतकानुशतकं चालली की फळी वाकणारच.

कुंचलेकर

आता लेवकास. हाताशी धरण्याजोगी प्रमाणं देतो.

कोरडा सरस १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. रात्रभर भिजवायचा, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून विरघळवायचा. ६० अंशांच्या वर न्यायचं नाही. उकळी आली की सरसाची पकड जाते, आणि ती गेलेली दिसत नाही. दिसते सहा महिन्यांनी, पोपडे सुटायला लागल्यावर. ताकद बघायची सोपी रीत : थोडा द्राव थंड करून त्याची जेली होऊ द्या आणि बोटांनी फोडा. खडबडीत कडा घेऊन तुटली तर बरोबर, रबरासारखी उसळली तर पाणी वाढवा.

आधी फळीवर नुसता गरम सरस दोनदा. मग कापड सरसात बुडवून, पिळून फळीवर अंथरायचं आणि तळहाताने मधून कडांकडे हवा काढत न्यायची. दोन दिवस सुकू द्यायचं. हवेचा एक फुगा राहिला तरी पुढे तिथला थर पोकळ वाजतो.

मग खडू. वस्त्रगाळ करून सरसात वरून भुरभुरवायचा आणि तसाच बुडू द्यायचा. ढवळायची घाई केली की हवा कोंडते आणि सुकल्यावर टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं पडतात. आकारमानाने साधारण दीड भाग खडू, एक भाग सरस. पहिला हात अगदी पातळ आणि तळहाताने कापडाच्या विणीत चोळून. पुढचे हात थोडे दाट. एकूण आठ-दहा, एक उभा तर पुढचा आडवा. दोन हातांच्या मध्ये बोटांची मागची बाजू टेकवायची. गार लागलं तर आत ओल आहे, थांबा. शेवटी जाडी एक ते दोन मिलिमीटर.

बिघाड कुठे होतो?

वरचा हात खालच्यापेक्षा जास्त सरसाचा झाला तर तो आक्रसताना खालच्याला उचलतो आणि पापुद्रा सुटतो. भांडं गरम ठेवताना पाणी उडून सरस आपोआप घट्ट होत जातो, त्यामुळे ही चूक नकळत घडते. मधूनमधून थोडं गरम पाणी घालत राहा. सरस कमी पडला तर उलटं, बोट फिरवलं की खडू हाताला लागतो आणि वरचा रंग ब्लॉटिंग पेपरवर पडावा तसा शोषला जातो. उन्हात, शेगडीपाशी किंवा पंख्याच्या झोतात सुकवलं की भेगांची जाळी.

शेवटी पात्याने तासून घासायचं. जुने लोक त्यासाठी प्युमिस दगड आणि हॉर्सटेल नावाची सिलिका भरलेली खरखरीत वनस्पती वापरत.

हिंगूळ

छान चाललंय. रंगांचं माझ्याकडे.

बलक. अंडं फोडून पांढरं काढून टाका, बलक एका तळहातावरून दुसऱ्यावर घेत कोरडा करा, मग वरची त्वचा चिमटीत धरून भोसका आणि आतला भाग वाटीत सोडा. त्वचा हातात राहिली पाहिजे. वाटीत गेली तर कुंचल्यात तंतू येतात. तेवढंच पाणी किंवा क्वास, म्हणजे राईचं आंबवलेलं पेय. आजकाल बरेच जण सौम्य व्हिनेगरचं पाणी घालतात, त्याने लवकर नासत नाही. मात्र लाजवर्दाच्या निळ्याला आम्ल चालत नाही, रंग विटतो. अझुराइटचा निळा आणि मॅलाकाइटचा हिरवा तर कार्बोनेटच. त्यांच्यासाठी नुसतं पाणी. आणि व्हिनेगर चुकूनही लेवकासच्या भांड्यात जाऊ देऊ नका, खडू फसफसतो.

रंगात बलक किती? काचेवर एक पट्टा ओढा, सुकू द्या, पात्याने खरवडा. सलग साल निघाली तर ठीक. भुकटी झाली तर बलक कमी. बलक जास्त झाला तर रंग तुकतुकीत आणि चरबट होतो आणि पुढे तडकतो.

रंगद्रव्यं आपल्याकडच्या वाचकांना ओळखीची आहेत : पिवडी, गेरू, हिंगूळ, काजळी, शिशाचा सफेदा, लाजवर्द. लाजवर्द बदख्शानचा, म्हणजे रशियात पोचेपर्यंत सोन्याच्या तोलाचा झालेला. त्यामुळे रोजच्या कामात अझुराइट. हिंगूळ आणि शिशाचा सफेदा दोन्ही विषारी आहेत, कोरडी पूड घोटताना नाकावर मास्क हवाच.

कामाचा क्रम ठरलेला. रेखा सुईने लेवकासमध्ये कोरून घ्यायची, कारण रंगाचे थर चढले की रेष बुडते. मग सोनं. जिथे झळाळी हवी तिथे खाली तांबड्या मातीचा, अंड्याच्या पांढऱ्यात कालवलेला लेप देतात. वर्ख बसला की अकीक दगडाने किंवा लांडग्याच्या दाताने घोटायचं. त्यानंतर डोंगर, इमारती, वस्त्रं, म्हणजे "दोलिचनोये". चेहरे आणि हात सगळ्यात शेवटी, ते "लिचनोये". मोठ्या कारखान्यांत ही दोन्ही कामं वेगवेगळी माणसं करत आणि चेहऱ्यावाल्याचा मान मोठा.

चेहरा पांढऱ्यावरून काळ्याकडे जात नाही. आधी सगळीकडे काळपट हिरवट ऑलिव्ह रंग द्यायचा, तो सांकिर. त्यावर पिवडीचे एकाहून एक उजळ थर, दर वेळी आधीपेक्षा लहान जागेत. शेवटी डोळ्याखाली, कपाळावर, नाकाच्या दांड्यावर शुद्ध पांढऱ्याच्या तीन-चार बारीक रेषा. सावली रंगवायची नाहीच, न झाकलेला सांकिर तीच सावली. पंधराव्या शतकात ही पायरी दिसू नये म्हणून "प्लाव" वापरत. फळी आडवी ठेवून पातळ रंगाचं थारोळं सोडायचं आणि कुंचल्याने नुसतं हलवत न्यायचं. खालचा थर पुरता सुकला नसेल तर तो उचलला जाऊन भोक पडतं, त्यावर पुन्हा रंग भरला की डाग आणखी ठळक होतो. त्याला इलाज धीर धरणं एवढाच.

कपड्यांवरच्या बारीक सोनेरी रेषा म्हणजे असिस्त. त्यासाठी आटवलेला लसणाचा रस किंवा बिअर कुंचल्याने ओढतात. सुकला की तोंडाची वाफ द्यायची, तो चिकट होतो. मग ताज्या पावाचा मऊ गर बोटांत मळून त्याने वर्ख उचलायचा आणि रेषेवर टेकवायचा. वर्ख रेषेलाच धरतो, बाकीचा गराबरोबर परत येतो.

नेव्हाकाठ

तंत्र मस्तच. थोडा इतिहास जोडतो, नाहीतर हे सगळं निर्वात पोकळीत घडलं असं वाटेल.

तंत्र बायझेंटियमचं. ९८८ मध्ये कीव्हच्या व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर चित्रं आणि चित्रकार दोन्ही तिकडून आले. "व्लादिमीरची देवमाता" हा सर्वांत नावाजलेला आयकॉन रशियन नव्हेच, बाराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलहून आलेला. ११५५ मध्ये राजपुत्र आंद्रेय बोगोल्युब्स्कीने तो कीव्हजवळून व्लादिमीर शहरात नेला, १३९५ मध्ये तो मॉस्कोत आला. सत्ता जिकडे सरकली तिकडे तोही सरकला.

थिओफानिस ग्रीकने १३७८ मध्ये नोव्हगोरोदला भित्तिचित्रं काढली. १४०५ मध्ये तो, गोरोदेत्सचा प्रोखोर आणि आंद्रेय रुब्लेव्ह असे तिघं मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या चर्चसाठी काम करत होते, अशी बखरीत नोंद आहे. त्या यादीत रुब्लेव्हचं नाव शेवटी. १४०८ मध्ये त्याने आणि दानिईलने व्लादिमीरचं उस्पेन्स्की कॅथेड्रल रंगवलं. दीडशे वर्षांनी, १५५१ च्या स्तोग्लाव धर्मसभेने फर्मान काढलं की चित्रकारांनी जुने ग्रीक चित्रकार आणि आंद्रेय रुब्लेव्ह यांच्यासारखं रंगवावं, स्वतःच्या कल्पनेने काही करू नये.

आणि मग सतरावं शतक. पोलंड, जर्मनी, हॉलंडकडून छापील चित्रं आली आणि मॉस्कोच्या चित्रकारांचे हात बदलले. पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन चर्चचा प्रमुख, निकोन कर्मकांडात सुधारणा करणारा, पण चित्रांत मात्र कडवा. १६५४ मध्ये त्याने "फ्रँकांच्या", म्हणजे पश्चिम युरोपीय, पद्धतीचे आयकॉन घराघरांतून जप्त केले, डोळे फोडले आणि रस्त्यांतून फिरवले. त्याच वर्षी मॉस्कोत प्लेग आला. लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला. १६५५ मध्ये भर कॅथेड्रलमध्ये त्याने असे आयकॉन फरशीवर आपटून फोडले आणि जाळायला सांगितले. झार अलेक्सेयने विनवलं की जाळू नका, पुरा. हे अँटिऑकच्या पॅट्रिआर्कबरोबर आलेल्या अलेप्पोच्या पॉलने लिहून ठेवलंय.

गंमत अशी की निकोनचा कट्टर वैरी, जुन्या पंथाचा अव्वाकुम, हाही याच चित्रांवर तुटून पडला होता. गुबगुबीत, लालबुंद गालांचा ख्रिस्त त्याला बघवत नसे. दोघांचं एकमत झालेली ही बहुधा एकच गोष्ट. आणि जिंकलं तिसरंच कोणी : झारच्या शस्त्रागाराच्या कार्यशाळेतला सिमोन उशाकोव्ह (१६२६–१६८६). त्याचे चेहरे छायाप्रकाशाने गोल केलेले आहेत, हिंगूळ यांनी सांगितलेल्या थरांची धार त्यांत विरघळून गेलेली.

वाचकमात्र

निकोन प्रकरण भारीच! पण मूळ मुद्दा : तेल लावायचंच कशाला, ते काळं पडतं हे ठाऊक असताना?

हिंगूळ

कारण तेलाशिवाय बलकाचा रंग कोरडा, खडूसारखा दिसतो. तेल पडलं की रंग खुलतात, पाण्यापासून बचाव होतो, सोन्यालाही जरा ऊब येते. पहिली काही दशकं ते झकास दिसतं. त्या काळी दुसरा टिकाऊ पर्याय हाताशी नव्हता.

रीत : रंग पूर्ण झाल्यावर निदान काही आठवडे थांबायचं. फळी आणि तेल दोन्ही कोमट करून आयकॉन आडवा ठेवायचा, तेल ओतायचं आणि तळहाताने पसरायचं. दर दहा-पंधरा मिनिटांनी फिरून हात फिरवायचा, कारण पिवडीसारखे रंग तेल पितात आणि त्या जागा कोरड्या पडतात, सफेदा पीत नाही आणि त्यावर थारोळं राहतं. काही तासांनी हात चिकटायला लागला की जादा तेल तळव्याने ओढून काढायचं. इथे वेळ साधली नाही तर दोन प्रकार होतात. लवकर काढलं तर तेल पुन्हा गोळा होऊन ओघळतं. उशीर झाला तर वर साय धरते, ती सुरकुतते आणि सुरकुती कायमची.

जवसाचं तेल सुकतं ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि ती क्रिया थांबत नाही. आधी पिवळं, मग तपकिरी. त्यात तेल पूर्ण कडक व्हायच्या आत मेणबत्ती-दिव्याची काजळी रुतते. साधारण ऐंशी-शंभर वर्षांत चित्र दिसेनासं होतं. निळा हिरवा दिसतो, पांढरा पिवडीसारखा, हिंगूळ विटकरी.

तेव्हा देवळातले लोक काय करत? पुसून बघत, मग चित्रकाराला बोलावून त्याच आकारांवर नव्याने रंगवून घेत. वर पुन्हा तेल. तीनशे वर्षांत तीन-चार वेळा असं झालेले आयकॉन सर्रास सापडतात. रुब्लेव्हच्या "त्रिमूर्ती"चंही (ख्रिस्ती ट्रिनिटी, तीन देवदूतांच्या रूपात) तेच. त्यावर झार बोरिस गोदुनोव्हने दिलेलं सोन्याचं आवरण होतं आणि चेहरे-हात-पाय एवढेच उघडे. १९०४ मध्ये वासिली गुर्यानोव्हने आवरण काढलं तेव्हा खाली नंतरच्या काळातलं तपकिरी चित्र निघालं. ते काढल्यावर खालचे रंग दिसले. पण गुर्यानोव्हला आपला हात आवरला नाही, त्याने काही जागी स्वतःचा रंग भरला. आयकॉन त्याच्या मठात परत गेल्यावर वर पुन्हा धातूचं आवरण. १९१८–१९ मध्ये दुसऱ्यांदा सफाई झाली तेव्हा कुठे आजचं चित्र समोर आलं. आवरण ठोकलेल्या खिळ्यांच्या खुणा पार्श्वभूमीवर अजून आहेत.

नेव्हाकाठ

याला तारखांची जोड : १९११ च्या शरदात फ्रेंच चित्रकार मातीस मॉस्कोत आला होता आणि ओस्त्रोउखोव्हच्या संग्रहातले साफ केलेले आयकॉन बघून खूश झाला. १९१३ मध्ये रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशताब्दीनिमित्त मॉस्कोत जुन्या कलेचं प्रदर्शन भरलं, तिथे सर्वसामान्यांनी साफ आयकॉन पहिल्यांदा एकत्र पाहिले. म्हणजे रशियन लोकांना आपलं मध्ययुग रंगीत होतं हे कळायला विसावं शतक उजाडलं. तोवर मालेविच वगैरे अमूर्त चित्रकलेची मंडळी तयारच होती.

कुंचलेकर

इथे मला थोडं वेगळं म्हणायचंय. "वरचं काढा, खालचं खरं" हे सूत्र सरसकट लावलं तर पंचाईत होते. व्लादिमीरच्या देवमातेत बाराव्या शतकातलं उरलंय ते मुख्यतः दोन चेहरे. बाकी वस्त्रं, पार्श्वभूमी वेगवेगळ्या शतकांतली. सगळं नंतरचं काढलं असतं तर हातात पांढऱ्या अस्तरावर तरंगणारे दोन चेहरे उरले असते. म्हणून तिथे थर तसेच ठेवले आणि ते बरोबर केलं. शिवाय सफाईत ओलिफाचा शेवटचा पातळ पापुद्रा ठेवायला हवा. द्रावक आणि स्काल्पेल थेट बलकापर्यंत नेलं की चेहऱ्यावरच्या त्या शेवटच्या पांढऱ्या रेषा पहिल्यांदा जातात, कारण त्या सगळ्यात वर असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अतिउत्साहाने साफ केलेले कितीतरी चेहरे आज सपाट दिसतात ते यामुळे.

सुतारपक्षी

+१. आता काळ ओळखायचं. पाठ आधी बघा, चेहरा नंतर.

पाठीवर कुऱ्हाडीचे किंवा वाकसाचे आडवेतिडवे घाव असतील तर फळी बहुधा अठराव्या शतकाआधीची. करवतीच्या सरळ समांतर रेषा म्हणजे नंतरची. दोन श्पोंका एकमेकींच्या विरुद्ध बाजूंनी ठोकलेल्या असतील तर सतरावं शतक किंवा पुढे.

पण फळी जुनी म्हणजे चित्र जुनं असं नाही. नकली माल करणारे जुन्या, चित्र गेलेल्या फळ्याच शोधतात. किड्यांची भोकं बघा. किडा आतून बाहेर येतो, भोक गोल पडतं. भोकाऐवजी पृष्ठभागावर उघडी नागमोडी नाळ दिसली तर किड्याने खाल्ल्यावर कोणीतरी फळी तासलीय. भेगा बघा. खऱ्या भेगा लाकडाच्या रेषा आणि अस्तराचा ताण यांच्या मागे जातात आणि तळापर्यंत असतात. रंग भेगेच्या आत उतरलेला दिसला तर तो भेगेनंतरचा.

मग अक्षरं. येशूच्या नावाचं लघुरूप निकोनपूर्वी "ИС", त्याच्या सुधारणेनंतर "ИИС". आशीर्वादाची बोटं दोन की तीन तेही बघा. पण थांबा, जुन्या पंथाचे लोक "ИС", दोन बोटं, कोवचेग सगळं एकोणिसाव्या शतकातही पाळत होते, आणि पैसेवाले जुने पंथीय मुद्दाम सोळाव्या शतकाच्या ढंगाचे उत्कृष्ट आयकॉन करून घेत. त्यामुळे ही खूण एकाच बाजूने चालते : "ИИС" असेल तर १६५० च्या आधीचा नाही. "ИС" असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

धातूचं आवरण असेल तर त्याच्या खाली डोकवा. एकोणिसाव्या शतकाच्या स्वस्त मालात फक्त चेहरे आणि हात रंगवलेले, बाकी फळी कोरी असते. आवरण काढलं की लेवकासवर अधांतरी तरंगणारी डोकी. विकत घेणाऱ्याला ठाऊक असे, फसवणूक वगैरे नाही. न दिसणाऱ्या जागी रंग कोण घालवणार?

उत्तरध्रुव

फारच माहितीपूर्ण. हा स्वस्त माल बनवायचे कुठे? आणि पालेखच्या काळ्या डब्यांचा याच्याशी संबंध आहे असं ऐकलंय.

नेव्हाकाठ

तेव्हाच्या व्लादिमीर प्रांतातली तीन गावं : पालेख, म्स्त्योरा, खोलुई. पालेख बारीक आणि महाग कामासाठी, म्स्त्योरा जुन्या शैलीची नक्कल आणि दुरुस्ती यांत वाकबगार, खोलुई झटपट मालासाठी. ओफेनी नावाचे फेरीवाले तो देशभर विकत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या झाको आणि बोनाकेर कंपनीने पत्र्यावर छापलेले आयकॉन बाजारात आणले आणि गावांचं कंबरडं मोडलं. १९०१ मध्ये निकोलस दुसऱ्याच्या आश्रयाखाली आयकॉनकलेच्या संरक्षणासाठी समिती नेमली, गावांत शाळा काढल्या. पत्रा तरीही खपत राहिला.

१९१७ च्या क्रांतीनंतर गिऱ्हाईकच संपलं. डिसेंबर १९२४ मध्ये पालेखच्या सात चित्रकारांनी, त्यांत इव्हान गोलिकोव्ह, सहकारी संस्था काढली आणि तेच बलकाचे रंग कागदी लगद्याच्या डब्यांवर आणले. विषय बदलले : त्रोइका (तीन घोड्यांची गाडी), परीकथा, नांगरणी.

हिंगूळ

डबा मात्र लगद्याचा म्हणतात तसा नसतो. पुठ्ठ्याच्या पट्ट्या पिठाच्या खळीने साच्यावर गुंडाळतात, दाबतात, सुकवतात, मग गरम जवसाच्या तेलात भिजवून भट्टीत सावकाश भाजतात. लाकडासारखा कठीण होतो, कापता-तासता येतो. भट्टी एकदम तापवली तर थर सुटून फुगतात.

त्यावर काळा लेप, आणि इथे आयकॉनवाल्यांना अडचण आली. आयकॉनमध्ये खालून पांढरा लेवकास रंगाला उजेड देतो. काळ्यावर पातळ रंग बुडतो. म्हणून आधी सगळी आकृती सफेद्याने रंगवून घेतात, कुठे दाट कुठे पातळ, आणि त्यावर पारदर्शक रंग. वर वर्ख डिंकात बोटाने घोटून केलेलं सोनं, लांडग्याच्या दाताने चमकवलेलं, मग लाखेरी चकाकीसाठी वॉर्निशचे अनेक हात. फेदोस्किनोचे डबे वेगळे, तिथे तैलरंग आणि खाली शिंपल्याचा तुकडा. दुकानात दोन्ही "पालेख" म्हणून विकतात.

उत्तरध्रुव

धन्यवाद! रत्नागिरीकडे एकाला लेवकासचा प्रयोग करायचाय. लिंडन मिळणार नाही. सागवान चालेल?

सुतारपक्षी

सागवान नको, लाकडात तेल असतं, सरस धरत नाही. शिवण घ्या, हलकं आणि कमी हलणारं. पूर्ण सुकलेलं हवं. पावसाळ्यात सुरुवात करू नका. हात सुकत नाहीत, मधल्या मध्ये बुरशी येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक. फळी तयार झाल्यावर मागूनही सरसाचा एक हात द्या, कोकणच्या हवेत वाकणं थोडं कमी होईल.

कुंचलेकर

भिजवलेला सरस आपल्या हवेत दोन दिवसांत घाण वास मारायला लागतो. रोज लागेल तेवढाच काढा, उरलेला फ्रिजमध्ये. वास आलेला वापरायचा नाही, पकड गेलेली असते.

हिंगूळ

आणि तेल लावून झाल्यावर चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेटतात. दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, मगच कचऱ्यात.